उतारावरचे मोगल

फ्रीवेवरून ॲन आर्बरकडे परतताना उजव्या हाताला एक टेकडी लागते. उन्हाळ्यात ती कुणाच्या लक्षातही येत नाही. गवताचा एक फुगवटा, वर खांबांची एक रांग, एवढंच. पण थंडी मुरली, पारा शून्याखाली टिकायला लागला, की तिथली यंत्रं सुरू होतात. त्यांतून पाण्याचे फवारे हवेत उडतात आणि खाली पडेपर्यंत त्यांचा बर्फ झालेला असतो. गेल्या महिन्यात बाहेरगावाहून परतताना ते पांढरे फवारे दिसले आणि माझ्या पायाची बोटं बुटात आपोआप आवळली गेली. आला सीझन.

खऱ्या डोंगरांतली माणसं आमच्या या टेकडीला हसतील. मिशिगनचा हा भाग पोळपाटासारखा सपाट. त्यात हा एवढासा उंचवटा, त्यावर दोन चेअरलिफ्ट, खाली कॉफी आणि ओल्या मोज्यांचा वास येणारी एक लाकडी इमारत. वरून खाली यायला चांगल्या स्कीअरला मिनिटभरसुद्धा लागत नाही. मला पहिल्यांदा तो उतार उतरायला एक अख्खा हिवाळा लागला. त्याच हिवाळ्याबद्दल मला बोलायचं आहे.

त्याची सुरुवात मात्र त्याच्या आदल्या वर्षी, बसस्टॉपवर झाली. मी विद्यापीठात संख्याशास्त्राचं काम करते, बसने जाते. एका सकाळी बसमधून उतरले, पाऊल टाकलं आणि आकाश दिसलं. मधलं काही आठवत नाही. काळ्या डांबरावर पारदर्शक बर्फाचा पापुद्रा असतो, ब्लॅक आइस म्हणतात त्याला, तो दिसत नाही. डावं मनगट दोन ठिकाणी मोडलं. प्लास्टर लागलं, निघालं, हाड जुळलं. डॉक्टर म्हणाल्या, झालं, आता सगळं करा.

पण घराने काही तसं ऐकलं नाही. माझा नवरा सुधीर मला रोज ऑफिसच्या दारात सोडायला लागला. बस बंद. बर्फ पडला की गाडी चालवणं बंद, मग हळूहळू पडला नाही तरी बंद. शिकागोत शिकणारी मुलगी, मुक्ता, सुट्टीत घरी आली की दुकानाच्या पार्किंगमध्ये माझं कोपर धरून चालायची. मी एकावन्न वर्षांची होते आणि माझी मुलगी मला रस्ता ओलांडून देत होती. "आई, केअरफुल." "अगं, सांभाळून." "सावकाश." फोनवर नागपूरची बहीण, ऑफिसात शेजारची बाई, सगळ्यांच्या तोंडी तेच. प्रेमानेच बोलत होते सगळे. त्या प्रेमाने माझी चाल बदलली. मी पेंग्विनसारखी, पाय न उचलता, जमिनीकडे बघत चालायला लागले. त्या हिवाळ्यात झाडं कशी होती, आकाश कसं होतं, मला सांगता येणार नाही. मी फक्त फरशा पाहिल्या.

माणूस म्हातारा एका दिवसात होत नाही म्हणतात. मी झाले होते.

मग जानेवारीत शैलाकाकूंकडे हळदीकुंकू होतं. शैलाकाकू म्हणजे आमच्या मराठी मंडळाच्या सगळ्यांच्याच काकू, इथे येऊन चाळीसेक वर्षं झालेल्या. दाराशी स्नोबूटांचा ढीग आणि आत काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, तिळाचे लाडू. तिथे माझ्या मनगटाचा विषय निघाला. मग कुणाच्या गुडघ्याचा, कुणाच्या कमरेचा. मग असं ठरायला लागलं की थंडीत आपण बायकांनी घरातच काहीतरी सुरू करावं, खुर्चीत बसून करायची योगासनं वगैरे.

"आपलं वय झालं आता," शैलाकाकू माझ्या हातावर अत्तर लावत म्हणाल्या, "हा बर्फ आपल्यासाठी नाहीच गं. आपण खिडकीतून बघायचा."

"मी स्कीइंग शिकणार आहे," मी म्हणाले.

खरं सांगते, तोवर तो विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता. तो त्या क्षणी जिभेवर जन्मला. सगळ्या हसल्या. मनमोकळ्या, प्रेमळ हसल्या. कुणीतरी म्हणालं, नऊवारीत कर गं, फोटो छान येतील. मीही हसले. पण घरी जाताना गाडीत माझे कान गरम होते. आणि दुसऱ्या दिवशी मी मोठ्यांच्या बिगिनर क्लासमध्ये नाव घातलं, कारण आता मागे फिरले असते तर त्या हसण्याला मी सही करून दिल्यासारखं झालं असतं.

"यू कान्ट बी सीरियस," मुक्ता फोनवर म्हणाली.

"आय ॲम," मी म्हणाले, आणि तिला मराठीत वाक्य पूर्ण करून दाखवलं.

स्कीचे बूट हा प्रकार ज्यांनी घातलेला नाही त्यांना कसा सांगू? सिमेंटच्या दोन बादल्यांत पाय घातल्यासारखं वाटतं. घोटा हलत नाही, नडगी पुढे ढकललेली राहते, चालताना टाच आधी टेकते, खट खट. त्यावर त्या लांब पट्ट्या अडकवल्या की आयुष्यभर जे चालणं शिकलो ते रद्द. शिकवणारी केल्सी माझ्या मुलीहून दोनेक वर्षांनी मोठी असेल. नाकावर उन्हाने पडलेला चष्म्याचा पट्टा. तिने आम्हाला आधी पडायलाच लावलं. मुद्दाम. आडवं व्हा, आता स्की उताराला आडव्या करा, गुडघे पोटाशी घ्या, आणि उठा.

मी बर्फावर पडले, वर्षभर ज्याची भीती बाळगली तिथेच, पाठीवर. आकाश दिसलं. हिवाळ्यातलं, दुधी, एक कावळा त्यातून जात होता. कितीतरी दिवसांनी मी वर बघत होते.

उठायला मला इतका वेळ लागला की शेजारून चार-पाच वर्षांची पोरं दोनदा घसरत गेली. त्यांना थांबायला शिकवताना सांगतात, पायांचा पिझ्झा करा, म्हणजे स्कीची टोकं जवळ, मागची बाजू फाकलेली. मीही पिझ्झा केला. कितीतरी शनिवार मी तेवढाच केला. मांड्या थरथरायच्या, घरी आल्यावर जिना बसून उतरावा लागायचा. पण सोमवारी ऑफिसात मी पाय उचलून चालत होते.

पहिल्यांदा चेअरलिफ्टमध्ये बसले ती फेब्रुवारीत. पाय अधांतरी, खाली झाडांचे शेंडे, आणि झाडांपलीकडे एका उतारावर भलतंच काही दिसलं. बाकी सगळे उतार इस्त्री केल्यासारखे, आणि हा एकच गाठीगाठींचा. ओळीने उंचवटे, पांढऱ्या म्हशी बसून राहिल्यासारखे. एक माणूस त्यांच्या मधून गुडघे छातीशी आणत, लवत, वळत खाली चालला होता.

"हे काय आहे?" मी केल्सीला विचारलं.

"मोगल्स," ती म्हणाली.

मी इतक्या जोरात हसले की खुर्ची हलली. केल्सीने दांडा पकडला. मी तिला सांगायचा प्रयत्न केला की आमच्या शाळेत इतिहासाच्या तासाला मोगल यायचे ते सैन्य घेऊन, त्यांचं आमचं पिढ्यान् पिढ्यांचं वाकडं आहे, आणि आजही नागपुरात कुणी रांगेत घुसलं किंवा न विचारता कुणाच्या वस्तूला हात लावला की माझी आई म्हणते, "इथे काय मोगलाई लागून गेलीय?" केल्सीने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "मग तुला तर त्यांच्यावरून जायलाच हवं."

तो शब्द मी घरी घेऊन आले. आमच्याकडे तो असा रुळला की आता काढता येत नाही. नगरपालिकेचा प्लाऊ रस्ता साफ करताना ड्राइव्हवेच्या तोंडाशी बर्फाची भिंत टाकून जातो, तिला आम्ही मोगल म्हणायला लागलो. सकाळी खिडकीतून बघून सुधीर ओरडायचा, "मोगल आले!" आणि फावडं घेऊन बाहेर पडायचा. दुकानासमोरचा स्पीडब्रेकर मोगल. पायाशी गोळा झालेली रजई मोगल. मुक्ता वैतागून म्हणायची, "आई, दॅट्स नॉट व्हॉट इट मीन्स." पण फोन ठेवताना तीही एकदा म्हणाली की या आठवड्यात असाइनमेंटचे फार मोगल आहेत.

मंडळाच्या कार्यक्रमात शैलाकाकूंचे यजमान, अरविंदकाका, भेटले. ते निवृत्त इंजिनियर, इतिहासाचं वेड. मी शब्द सांगताच ते खुलले.

"आपलाच शब्द तो! मोगल म्हणजे बलाढ्य. उंच. इंग्रजांनी उचलला आणि बर्फावर नेला. सगळं आपल्याकडूनच गेलंय."

मला त्यांचं म्हणणं पटलं नाही. मोगल दिल्लीहून निघून आल्प्समध्ये कसे पोचले? मी लायब्ररीत जाऊन शब्दकोश काढले. अरविंदकाका अर्धे बरोबर होते. इंग्रजीत बड्या धेंडाला मोगल म्हणतात, तो शब्द खराच आपल्याकडच्या बादशहांवरून गेलेला. पण बर्फातल्या उंचवट्याचा त्याच्याशी संबंध नाही. ऑस्ट्रियाच्या आणि दक्षिण जर्मनीच्या बोलीत छोट्या टेकाडाला मुगेल म्हणतात, त्यावरून तो आला असावा. काही कोशांनी बोट आणखी उत्तरेला, नॉर्वेकडे दाखवलं, तिथे ढिगाऱ्यासाठी असाच एक बोलीतला शब्द आहे. नक्की कुणालाच माहीत नाही. डोंगरातली माणसं अमेरिकेत आली, त्यांच्याबरोबर स्की आल्या आणि हा शब्दही आला. इथल्या कानांना मोगल ओळखीचा होता. त्यांनी मातीच्या ढेकळाला बादशहाचं स्पेलिंग देऊन टाकलं.

मला हे वाचून फार बरं वाटलं. इतके दिवस लिफ्टमधून मी त्यांच्याकडे बघून घाबरत होते, आणि ते निघाले ढेकूळ. कुणा शेतकऱ्याच्या बोलीतलं ढेकूळ, नावामुळे दरारा आलेलं.

आणि हे उंचवटे बहुतेक वेळा कुणी मुद्दाम घालतही नाही. एक जण वळतो तेव्हा त्याच्या स्कीने थोडा बर्फ कडेला सारला जातो. मागचा त्याच खाचेतून वळतो, कारण तिथे वळणं सोपं वाटतं. त्याच्या मागचाही. खाच खोल होते, कडेचा ढीग उंच होतो. संध्याकाळपर्यंत सगळा उतार गाठींनी भरतो. लायब्ररीतून घरी येताना मी याचाच विचार करत होते. आमच्या घरातही कुणी एकाने ठरवून मला कोंडलं नव्हतं. एक जण काळजीने वळला, मग दुसरा त्याच जागी वळला. मीसुद्धा वळले.

मार्चमध्ये पुढचा क्लास होता. त्या शनिवारी मी कपडे घालून खाली आले तर सुधीर टेबलाशी चहा पीत बसला होता, घरातल्याच कपड्यांत.

"निघू या ना?" मी विचारलं.

"मी क्लास कॅन्सल केला तुझा," तो म्हणाला. "काल रात्री बर्फ पडलाय. आणि तुझ्या मांडीवर केवढा काळानिळा डाग आहे, बघितलाय मी. या वर्षापुरतं बास झालं यार."

"माझा क्लास? मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

मी खिडकीतून बघितलं. प्लाऊ येऊन गेला होता, रस्त्यावर मीठ पडलं होतं, ऊन पडलं होतं. खुंटीवरची गाडीची किल्ली मी काढली. त्या हिवाळ्यात तिला माझा हात लागला नव्हता.

"अगं, तू चालवणार?"

"इथे काय मोगलाई लागून गेलीय?" मी म्हणाले. आईचा आवाज माझ्या घशातून निघाला. सुधीर उठला, दारापर्यंत आला. त्याने मला अडवलं नाही आणि मीही मागे पाहिलं नाही.

फ्रीवेवर चढताना आरशात तीनदा पाहिलं. उजव्या लेनमधून, पुढच्याशी भरपूर अंतर ठेवून, मी निघाले. मागून एकाने हॉर्न दिला. देऊ दे. शेतं पांढरीशुभ्र, त्यांवर कुंपणांच्या निळ्या सावल्या. रेडिओ बंद. गाडीचं स्टिअरिंग, ब्रेक, टायरखालचा ओला आवाज, सगळं माझ्या ओळखीचं निघालं. विसरले होते असं मला वाटत होतं, इतकंच.

क्लासमधली जागा गेलेली होती. "पण तिकीट काढून तुझी तू स्की करू शकतेस," केल्सी म्हणाली आणि आपल्या नव्या शिकाऊंकडे गेली. मी सोप्या उतारावरून दोनदा आले. तिसऱ्यांदा वर गेले तेव्हा उन्हाने बर्फ मऊ झाला होता, ओल्या साखरेसारखा. झाडांच्या पलीकडून गाठीगाठींचा तो उतार दिसत होता. त्याच्या कडेला लहान गाठींची एक पट्टी होती, नवख्यांनी प्रयत्न करावा अशी. मी तिथे जाऊन उभी राहिले.

वरून ते उंचवटे खूप मोठे दिसतात. शरीर सांगतं, मागे झुक, डोंगराला चिकटून राहा. आणि मागे झुकलं की स्की सुटतात. केल्सीने शिकवलेलं हे सगळ्यांत अवघड होतं, छाती दरीकडे द्यायची. जिकडे पडायची भीती तिकडेच तोंड करायचं.

पहिला मोगल मी चढले, वर वळले, खाली घसरले. दुसरा तसाच. तिसऱ्यावर टोक अडकलं आणि मी आडवी झाले. एक स्की निसटून खाली जाऊन थांबली. डावा हात अंगाखाली आला होता. मी बोटं हलवली. हलली. दुखत नव्हतं. मी तिथेच पडून थोडी रडले, का ते अजून कळलेलं नाही.

उतारावर गस्त घालणारा एक लाल जाकीटवाला माणूस माझी स्की घेऊन वर आला. "मॅम, खाली न्यायला स्लेज बोलावू का?" त्याने विचारलं.

"नको," मी म्हणाले. "ती स्की फक्त इथे आडवी धरा."

त्याने धरली. मी बूट अडकवला, खट्ट आवाज झाला, उठले. पुढे आणखी दोनदा पडले. तो बाजूने येत राहिला. खाली पोचले तेव्हा मागे वळून त्या सगळ्या गाठींकडे बघितलं. खालून त्या अगदीच बुटक्या होत्या.

घरी पोचले तर सुधीर ड्राइव्हवेच्या तोंडाशी उभा होता, हातात फावडं. बर्फ केव्हाच साफ झाला होता.

"फोन का नाही उचललास?"

"उतारावर होते."

त्याने फावडं गॅरेजला टेकवलं. "त्या दिवशी हॉस्पिटलमधून फोन आला ना," तो म्हणाला, "तर पलीकडची बाई नुसतं तुझं नाव विचारत होती, बरोबर आहे का म्हणून. ती पुढे काय सांगणार ते कळेपर्यंत मी पार्किंगमध्ये खाली बसलो होतो. इथे आपलं आहे कोण गं? नागपुरात दहा माणसं धावत आली असती. तुला काही झालं तर मी कुणाला हाक मारू?"

वर्षभरात हे तो पहिल्यांदा बोलत होता. मला त्याचा राग आला होता तो गेला नाही, पण त्याच्या शेजारी आणखी काहीतरी येऊन बसलं. मी त्याचा हात धरला, माझ्या डाव्या हाताने, जोर लावून.

"घाबर," मी म्हणाले. "मलाही वाटते भीती. पण ती भीती तुझी आहे, ती तू बाळग. माझ्या नावावरचं काही कॅन्सल करायचं नाही. परत कधीच नाही."

"ठीक आहे," तो म्हणाला. मग दाराकडे वळत म्हणाला, "चहा टाकतो."

त्याने शब्द पाळला. भीती काही गेली नाही त्याची. मागच्या सीझनमध्ये एकदा टेकडीवर आला आणि सगळा वेळ उताराकडे पाठ करून कॉफी पीत बसला. मला ते चालतं. बस मी पुन्हा सुरू केली. गाडी चालवते. बर्फात पाऊल टाकताना बघते आणि मग मान वर करते.

या शनिवारी मी पुन्हा वर गेले. थंडी कडक होती, श्वासाचा चष्म्यावर बर्फ होत होता. गाठींच्या उतारावर, या वेळी बाजूला नाही, मधोमध, मी उभी होते. तेवढ्यात एक उंच, देखणा, विशीतला मुलगा माझ्याजवळ येऊन थांबला. माझे पांढरे केस हेल्मेटखालून बाहेर आले होते. तो फार अदबीने बोलला. "एक्सक्यूज मी, मॅम. सोपी वाट डावीकडून आहे."

"थँक यू," मी म्हणाले. "मला माहीत आहे."

आणि छाती दरीकडे दिली.